विमानतळाखाली गेलेली पाणथळ ‘भरून काढतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

नवी मुंबईत सीवूड्सच्या डीपीएस तलावावर जायचं असेल तर घड्याळ बघून जाऊ नका, भरतीचं वेळापत्रक बघून जा. ओहोटीला तिथे फारसं काही नसतं. पाणी चढायला लागलं की ठाणे खाडीच्या चिखलात माना खाली घालून चरणारे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, थव्याथव्यानं उठतात आणि या तलावात येऊन उतरतात. छोटा रोहित ताठ उभा राहिला तरी जेमतेम ८०-९० सेंटिमीटर भरतो. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी जिथे घोट्याएवढं पाणी होतं, तिथे दुपारी दोन पुरुष पाणी. मग या पक्ष्यानं चार-पाच तास उभं राहायचं कुठे? तलाव म्हणजे त्याचं स्टेशनवरचं बाकडं. गाडी येईपर्यंत टेकायचं, ओहोटी लागली की पुन्हा कामावर.

या तलावापासून काही किलोमीटरवर, पनवेल खाडीच्या पलीकडे, आता नवी मुंबईचा विमानतळ आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. ११६० हेक्टरचा हा पसारा उभा राहिला तो उलवे आणि गाढी नदीच्या मुखाशी, खाजणात आणि तिवरांच्या रानात, म्हणजे कांदळवनात. सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी फोडली, भराव घातला, उलवे नदीला नवा मार्ग काढून दिला. दहा गावं उठली. आणि या सगळ्याच्या बदल्यात कागदावर एक आश्वासन आलं: जेवढी पाणथळ जागा जाईल तिच्या कितीतरी पट दुसरीकडे जपू, वाढवू.

हे आश्वासन कशाचं बनलेलं असतं, ते आपण जरा उलगडून बघू. सरकारी भाषेत त्याला भरपाई किंवा ऑफसेट म्हणतात. शब्द सरळ वाटतो, भानगड त्याच्या पोटात आहे.

आधी टाळा, मग कमी करा, उरलं तर भरा

जगभर पाणथळींच्या बाबतीत एक क्रम मानतात. पहिला प्रश्न: हे नुकसान टाळता येईल का? नाही, तर कमी करता येईल का? तेही करून जे उरेल त्याचीच भरपाई. अमेरिकेनं १९८९ मध्ये ‘पाणथळींचा निव्वळ घाटा शून्य’ हे राष्ट्रीय धोरण म्हणून जाहीर केलं आणि परवानगी देताना हाच क्रम लावायचं ठरलं. क्रम महत्त्वाचा, कारण तिसरी पायरी सगळ्यांना सोपी वाटते. विमानतळ हलवणं अवघड, धावपट्टी सरकवणं खर्चाचं, पण ‘दुसरीकडे झाडं लावू’ हे लिहून द्यायला काय जातं!

नवी मुंबईत या पायऱ्या चांगल्या दिसतात, म्हणून हे उदाहरण मला आवडतं. मुळात सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना लगाम घालणाऱ्या, १९९१ च्या अधिसूचनेत असा विमानतळ बसतच नव्हता. २००९ मध्ये खास दुरुस्ती करून वाट मोकळी केली. मग केंद्रातले तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको यांच्यात बरीच ओढाताण झाली, आणि २२ नोव्हेंबर २०१० ला अटींसह मंजुरी आली. या ओढाताणीत पहिल्या दोन पायऱ्यांवर खरं काम झालं. दोन धावपट्ट्यांमधलं अंतर १८०० मीटर ठरलं होतं, ते साडेपंधराशेच्या आसपास आणलं. त्यामुळे गाढी नदी वळवायची वेळ आली नाही. विमानतळाच्या पूरक इमारती हलवल्या आणि तोडायच्या तिवरांचं क्षेत्र १६१ हेक्टरवरून ९८ वर आलं. नकाशावर रेघ अडीचशे मीटर आत घेतली आणि एक आख्खी नदी आपल्या जागी राहिली. भरपाईच्या कुठल्याही योजनेला हे जमत नाही.

उरलेल्या ९८ हेक्टरसाठी आकडा आला ६१५ हेक्टरचा. सहापटीहून जास्त. वाचताना छाती फुगते. पण हा आकडा सोलून बघितला तर आत तीन वेगवेगळ्या गोष्टी निघतात. वाघिवलीच्या बाजूला २४५ हेक्टरचं कांदळवन उद्यान. मोहा आणि पनवेल खाडीवर ६० हेक्टरचा तिवरांचा हरित पट्टा. आणि गाढी नदी, मानखुर्द-पनवेल रेल्वेमार्ग आणि महामार्ग यांच्या मधली ३१० हेक्टर जमीन, जिथे काहीही बांधायचं नाही. या तिसऱ्या तुकड्याचा हेतू पनवेलच्या सखल भागाला पुराचा धोका वाढू नये हा आहे, आणि तो रास्तच आहे. २६ जुलै २००५ ला गाढीनं काय केलं ते पनवेलकरांना विचारा. पण ‘इथे बांधणार नाही’ आणि ‘इथे नवी पाणथळ उभी राहील’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात असलेलं जाता-जाता वाचतं, दुसऱ्यात नसलेलं तयार होतं. ६१५ मधला अर्ध्याहून जास्त भाग पहिल्या वाक्यातला आहे.

यात लबाडीच आहे असं मी म्हणत नाही. असलेलं वाचवणं हाही भरपाईचा मान्य प्रकार आहे, फक्त त्याला एक अट असते: ती जागा नाहीतर खरोखर गेली असती, हे पटायला हवं. आणि आकडा छापताना दोन्ही एका पिशवीत घातले की वाचणाऱ्याला वाटतं, सगळं नवंच मिळालं.

आणखी एक गंमत. वाघिवली हे विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एक. म्हणजे ज्यांच्या दारात ही खाडी होती ते पुनर्वसनाच्या भूखंडावर गेले, आणि त्यांच्या गावाचं नाव उद्यानाला उरलं. तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्या धरणाऱ्या, आसूने निवट्या पकडणाऱ्या माणसाची भरपाई हेक्टरात कशी मोजतात, ते या कागदांत सापडत नाही. घर गेल्याचा हिशोब असतो, खाडी गेल्याचा नसतो.

तिवर लावतात की येतं?

आता नव्या पाणथळीकडे वळू. कांदळवन ‘तयार’ करायचं म्हणजे काय? आपल्या डोळ्यांपुढे लगेच फोटो येतो: टोप्या घातलेली मंडळी, गुडघाभर चिखल, हातात रोप, मागे बॅनर. या फोटोत बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नसते, ती म्हणजे जमिनीची पातळी.

तिवराला खारं पाणी लागतं हे आपण शाळेत शिकलो, पण त्याला ते चोवीस तास नको असतं. त्याची मुळं ज्या चिखलात असतात त्यात हवा जवळपास नसते. म्हणून ती पेन्सिलींसारखी वर येतात आणि ओहोटीला श्वास घेतात. रोज फार वेळ बुडाली तर झाड गुदमरून मरतं. पाणी फारच क्वचित आलं तर मीठ साचतं आणि जमीन कडक होते. फ्लोरिडात आयुष्यभर कांदळवनांवर काम केलेले रॉबिन लुईस एक साधा अंदाज सांगत: कांदळवन वाढतं ते साधारण तीस टक्के किंवा त्याहून कमी वेळ पाण्याखाली असलेल्या पट्ट्यात. या पट्ट्याच्या वीतभर खाली लावलं की रोपं पहिल्या पावसाळ्यालाही टिकत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा लावायची, पुन्हा फोटो.

लुईस यांची पद्धत उलटी होती. आधी विचारायचं, इथे झाडं का नाहीत? बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं: कोणीतरी पाणी अडवलंय. रस्त्याचा भराव, बांध, बुजलेली नाळ. तो अडथळा काढायचा, चर खणून भरतीला आत यायची वाट द्यायची, जमिनीची उंची नीट करायची आणि थांबायचं. बी पाण्यावर तरंगत येतं.

हे आपल्याकडच्या आगरी-कोळ्यांना कोणी शिकवावं लागत नाही. उरणच्या बाजूला एका बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मी विचारलं होतं, “बाबा, इथे तिवरं लावली की आपोआप आली?” त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. “तिवर लावाला लागत नाय, बाला. पानी खेलतं ठेवा, तिवर आपनच येतं.” खारभूमीच्या बांधाला ठेवलेल्या उघाडीतून पाणी कधी सोडायचं नि कधी अडवायचं, यावर ज्यांच्या भाताचं पीक उभं राहिलं, त्यांना पाण्याची वाट ही गोष्ट रोपापेक्षा मोठी आहे हे ठाऊक असणारच. बांध फुटलेल्या आणि पडीक टाकलेल्या खारजमिनींत काही वर्षांत तिवरांचं रान माजतं, हे कोकणात कुठेही बघायला मिळेल.

पावसाळ्यात तिवराचं फळ हातात घेऊन बघा. पावट्याच्या दाण्यापेक्षा जरा मोठं, चपटं, करड्या-हिरव्या सालीचं. आत बी झोपलेलं नसतंच, झाडावर असतानाच उगवायला लागलेलं असतं. पाण्यात पडलं की साल सुटते, दोन जाड पानं उघडतात आणि ते तरंगत निघतं. चिखलाला टेकलं की मूळ रोवायला त्याला काही दिवस लाटेचा धक्का नको असतो. आपल्या खाडीत त्याचा खरा शत्रू प्लास्टिकची पिशवी. भरतीबरोबर येते, कोवळ्या रोपाला गुंडाळते आणि ओहोटीच्या ओढीनं उपटून नेते.

चिखल रिकामा नसतो

इथे एक चूक इतक्या वेळा होते की थांबून सांगायला हवी. भरपाईसाठी तिवरं लावायची, तर मोकळी जागा कुठली सापडते? उघडा चिखल. ना कोणाचं शेत, ना कोणाचं घर, ना आधीचं झाड. नकाशावर ती ‘रिकामी’ दिसते. पण रोहित, तुतारी, पाणटिवळे या पक्ष्यांचं ताट तेच आहे. छोटा रोहित चिखलावरच्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. बाकीचे पक्षी किडे, कालवं, अळ्या टिपतात. त्या चिखलावर तिवरं उभी राहिली की हेक्टर वाढतात आणि पक्ष्यांचं पान उचललं जातं. एक पाणथळ भरून काढायला दुसरी खर्ची पडली, तरी हिशोबात दोन्ही खाती जमेची.

म्हणून नुसते हेक्टर मोजून भागत नाही. गेलेली जागा काय काय काम करत होती ते विचारावं लागतं. पुराचं पाणी साठवत होती? माशांची पिल्लं वाढवत होती? पक्ष्यांना खाऊ घालत होती की नुसतं टेकू देत होती? यातली काही कामं जागा सोडून दुसरीकडे नेता येत नाहीत. पनवेलचा पूर अडवणारी जमीन पनवेलजवळच लागणार. ती पालघरला देऊन उपयोग काय? उलट काही कामं मुद्दाम दूर न्यावी लागतात. विमानतळाचा खरा पेच इथेच आहे.

पक्षी हवेत, पण इथे नकोत

चांगली पाणथळ म्हणजे पक्षी. आणि धावपट्टीजवळ पक्षी म्हणजे धोका. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईला उतरणाऱ्या एका विमानाची घाटकोपरवर रोहितांच्या थव्याशी टक्कर झाली, ३९ पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं. दीड-दोन किलोचा एक पक्षी आणि असे डझनावारी, तेही रात्री थव्यानं उडणारे. हडसन नदीत २००९ मध्ये जे विमान उतरवावं लागलं, त्याच्या दोन्ही इंजिनांत ‘कॅनडा गूज’ जातीचे हंसासारखे पक्षी शिरले होते. आपल्या विमान नियमांतही विमानतळाभोवती दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि पक्ष्यांना बोलावणारा कचरा टाकायला मनाई आहे. कारण तेच.

मग विमानतळाच्या कुंपणाला लागून उत्तम पाणथळ तयार करायची, हा बेत जितका यशस्वी तितका धोक्याचा. अमेरिकेत जेट विमानांच्या धावपट्टीपासून दहा हजार फूट, म्हणजे तीनेक किलोमीटर, पक्ष्यांना ओढून घेणारं काही नवं उभारू नका असा सल्ला हवाई खातं देतं.

सिएटलच्या विमानतळाला तिसरी धावपट्टी हवी होती, ती २००८ मध्ये सुरू झाली. तिच्याखाली वीस एकरांच्या आसपास पाणथळ गेली. तिथे त्यांनी कामं वाटून टाकली. ओढ्याला पाणी पुरवण्याचं आणि पूर जिरवण्याचं काम जवळच ठेवलं: मिलर ओढ्याची पात्रं आणि पूरमैदान सुधारलं, पण तिथे उघडं पाणी न ठेवता दाट झुडपं लावली. बदकांना उतरायला मोकळं पाणी लागतं, झुडपांत ती उतरत नाहीत. पक्ष्यांचं काम मात्र उचलून ऑबर्न गावाजवळ नेलं, विमानतळापासून बरंच दूर, सुमारे ६५ एकरांवर. विरोध झाला, खटले झाले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. ओढ्याकाठच्या लोकांचं म्हणणं होतं, आमच्याकडची पाणथळ घेऊन दुसऱ्या खोऱ्यात दिलीत. चुकीचं नव्हतं ते. तरीही या प्रकरणात निदान कुठलं काम कुठे जाणार हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि भांडायला काहीतरी ठोस हातात होतं.

नवी मुंबईत हाच तर्क लावला तर विमानतळाजवळ दाट तिवर तुलनेनं बरं. रोहिताला तिवरांत उतरता येत नाही, त्याला मोकळं लागतं. अगदीच बिनधोक मात्र नाही. बगळे आणि पाणकावळे संध्याकाळी तिवरांच्या शेंड्यांवर शेकड्यांनी वस्तीला येतात, आणि त्यांची यायची-जायची वाट कुठून जाते ते वर्षानुवर्षं बघत बसावं लागतं.

मग काहीजण पुढची पायरी सुचवतात: आसपासचे सगळे तलाव बुजवून टाका, म्हणजे पक्षी येणारच नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, आणि त्या जागांवर इमारतींची स्वप्नं आधीपासून बघणाऱ्यांना तर फारच सोयीचं. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, अभ्यासकांचं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. ठाणे खाडीत रोहित येतात ते चिखलासाठी. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला, तो चिखल कुठे जात नाही. पक्षी येतच राहणार. भरतीला त्यांना टेकायला जागा लागणारच. उरणकडच्या पाणजे, भेंडखळ, बेलपाडा आणि नेरूळकडच्या एनआरआय, टी. एस. चाणक्य या जागा त्यासाठीच खाडीच्या जोड-पाणथळी म्हणून जपा असं ते सांगतात. बाकडं काढून घेतलं म्हणून प्रवासी घरी जात नाही, तो मिळेल तिथे बसतो. मोकळी, सपाट, दूरवर नजर जाणारी जागा शोधणाऱ्या पक्ष्याला तशी जागा आसपास सगळ्यात मोठी कुठली दिसते? धावपट्टी.

२०२४ च्या उन्हाळ्यात याची झलक दिसली. डीपीएस तलावाला भरतीचं पाणी आणणाऱ्या वाटा बंद झाल्या होत्या, तलाव आटला, आणि रोहित वस्तीत भरकटलेले, जखमी, मेलेले सापडले. पुढे आरडाओरडा झाला, समित्या झाल्या, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. तीस एकरांचा तलाव. कुठल्याही भरपाईच्या यादीत तो नव्हता, कोणी लावला नव्हता, बांधला नव्हता. विमानतळाच्या सुरक्षेसाठी तो करतो ते काम मात्र शेकडो हेक्टरांच्या उद्यानाला जमणारं नाही.

मधली वर्षं

राहता राहिला वेळ. तिवर तुटायला एक दिवस पुरतो, रान म्हणावं असं उभं राहायला पंधरा-वीस वर्षं. नवी मुंबईत भूमिपूजन २०१८ ला झालं आणि २०२५ ला विमान उडालं. म्हणजे धावपट्टी तयार झाली तेव्हा भूमिपूजनाच्या दिवशी लावलेलं झाडही अजून पोरवयातच असणार. भरपाईत एकास एक न घेता एकास तीन वगैरे प्रमाण लावतात ते काही अंशी याचसाठी. काही रोपं मरणार, आणि मधली वर्षं तर कोणीच परत देत नाही. सीआरझेडच्या २०१९ च्या नियमांतही तोडलेल्या तिवरांच्या किमान तिप्पट क्षेत्रावर लागवड करायची तरतूद आली. पण तिप्पट काय, दहापट असलं तरी पाणी पोचत नसेल तर तो गुणाकार शून्याशी आहे.

म्हणून अशी कुठली ‘पुनर्स्थापित पाणथळ’ बघायला गेलात तर फलक वाचून परत येऊ नका. उधाणाच्या दिवशी जा. आधी तिवरांच्या खोडांवर चिखलाची रेघ किती उंचीवर आहे ते बघा, म्हणजे भरती आत येते का ते कळेल. खाली वाकून खेकड्यांची बिळं शोधा. जिथे बिळं असतात तिथे चिखल जिवंत असतो, कारण त्यातूनच हवा आत जाते. रांगेत लावलेल्या झाडांच्या मध्ये वेडीवाकडी, कोणी न लावलेली पोरकी रोपं उगवली असतील तर काम जमलंय. मग रस्त्याकडे या आणि भरावाखालची मोरी शोधा. अर्ध्याहून जास्त गाळानं बुजलेली असते ती बहुतेक. डीपीएस तलावाच्या मोऱ्या मी अशाच शोधल्या होत्या, गवत बाजूला करून, आणि त्या दिवशी भरती पूर्ण चढली तरी त्यातून आलेलं पाणी एवढंसंच होतं, चहाच्या किटलीतून ओतल्यासारखं.